लाल ठिपका

ते साल दोन हजार चोवीस. मे महिना, आणि गल्लीत नळ यायचा दिवस. मी ओट्याशी पोळ्या लाटत होते, तेवढ्यात पुढच्या खोलीतल्या मशीनचा आवाज थांबला. डोक्यावरचा पंखा फिरत होता, म्हणजे लाईट गेलेली नव्हती. माझं लाटणं जागच्या जागी राहिलं.

"बाबा, परत बंद केलंत?" श्रीरंग, माझा मुलगा, जिना उतरत खाली आला.

हे खुर्चीत ताठ बसले होते. नाकातली नळी व्यवस्थित होती, फक्त मशीनचं बटण बंद होतं.

"बसलोच तर आहे," हे म्हणाले. "बसल्या माणसाला कशाला एवढी वीज? चालायला लागलो की लावू."

"तुम्ही चालता कुठे?"

"तेच म्हणतोय मी."

श्रीरंगने वाकून बटण दाबलं. मशीनने एकदा शीळ घातली आणि पुन्हा धापा टाकायला सुरुवात केली. ते कमरेएवढं उंच, चाकांचं मशीन खोलीतली हवा ओढून घ्यायचं आणि तिच्यातला प्राणवायू नळीतून यांच्या नाकात सोडायचं. यांच्या फुफ्फुसांना आतून जाळी धरल्यासारखं झालं होतं. डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "काकू, झोपेत, जागेपणी, जेवताना, हे चालूच राहिलं पाहिजे. थोडा वेळ बंद पडलं तर दम लागेल. जास्त वेळ बंद राहिलं तर माझ्या हातात काही नाही." तेव्हापासून माझा एक कान सतत त्या आवाजाकडे असायचा. भाजी निवडताना, देवापुढे बसल्यावरसुद्धा.

आमचे हे, केशवराव, पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून लागले आणि कारकून म्हणूनच निवृत्त झाले. त्यांच्याविषयी सांगण्यासारखं काय, असं कुणी विचारलं तर नातेवाईक एकच गोष्ट सांगतील, आणि हसून सांगतील: केशवराव बटणं बंद करत फिरायचे.

ती सवय छावणीतली. लग्न होऊन मी आले तेव्हा आम्ही शहराच्या छावणी भागात दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. घरमालकांनी भाड्यातच विजेचं धरलं होतं, पण एका वेळी एकच दिवा लावायचा अशी अट होती. दुसरा लागलेला दिसला की ते अंगणातून मेन स्विच खाली ओढायचे. बोलायचे नाहीत, भांडायचे नाहीत, नुसता अंधार करायचे. एकदा माझे वडील जेवायला बसले होते, पानात आमटी वाढलेली, आणि मी स्वयंपाकघरातला दिवा लावला. खट्. वडील अंधारात तसेच बसून राहिले. तेव्हापासून यांनी दिवा कंदिलासारखा वापरायला सुरुवात केली. ज्या खोलीत माणूस, त्या खोलीत दिवा. माणूस उठला की दिवाही उठला.

पुढे गारखेड्याला स्वतःचं घर झालं. अंधार करणारं कुणी उरलं नव्हतं, तरी यांचा हात थांबला नाही. घरात एकेक वस्तू येत गेली. फ्रिज आला, गिझर आला, कपडे धुवायचं मशीन, श्रीरंगच्या लग्नानंतर वरच्या खोलीत एसी, मग खालीही एसी. प्रत्येक वस्तूच्या मागे हे. टीव्ही रिमोटने बंद केला तरी त्याच्या खालच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका जळत राहतो. हे झोपायला जाताना भिंतीवरचं बटण बंद करून तो ठिपका विझवायचे. "रात्रभर कुणासाठी जळतोय तो?" असं म्हणायचे. श्रीरंगने त्याला नाव ठेवलं होतं, बाबांची गस्त.

आणि अशा माणसाच्या नशिबी हे मशीन आलं. कधीच बंद न करायचं.

सुनेशी यांचं वाजायचं ते एसीवरून. मृण्मयी वाईट मुलगी नाही. पुण्याच्या कंपनीचं काम घरून करायची. सकाळी वरच्या खोलीत कानाला बोलायचं-ऐकायचं यंत्र लावून बसली की संध्याकाळीच मोकळी व्हायची. वरची खोली स्लॅबखालची. मे महिन्यात तिथल्या भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. एकदा हे तिला म्हणाले, "आम्ही पंख्याखाली नोकरी केली." ती शांतपणे म्हणाली, "बाबा, तुमचं ऑफिस निजामाच्या काळातल्या दगडी इमारतीत होतं. माझं ऑफिस या स्लॅबखाली आहे." खोटं काय होतं त्यात? मीही छावणीतल्या खिडक्यांना ओल्या चादरी लावून उन्हाळे काढले आहेत, पण तिथल्या खिडक्यांसमोर कडुनिंब होता. इथे समोर दुसऱ्याच्या एसीची पेटी आहे, तिच्यातून गरम वारा आमच्याच अंगावर येतो.

तर त्या दिवशी नळ यायचा होता. आमच्याकडे पाणी आठवड्याने, कधी त्याहून उशिरा येतं. बाहेरगावच्या माणसाला नळाचा दिवस म्हणजे काय ते सांगून समजायचं नाही. त्या दिवशी कुणी लग्नाला जात नाही, दवाखान्याची वेळ घेत नाही. पाण्याला जोर नसतो, म्हणून जो तो नळालाच मोटार लावतो. एकाने लावली की शेजाऱ्याचं पाणी ओढलं जातं, म्हणून शेजारीही लावतो. पाणी आहे तोवर धुणं उरकायचं, म्हणून त्याच वेळी धुण्याची मशीनं. ऊन म्हणून एसी. सगळ्या गल्लीची वीज कोपऱ्यावरच्या एका डीपीतून, विजेच्या पेटीतून येते, आणि ती बिचारी उभी असते.

अकरा वाजून गेल्यावर समोरच्या मंजुळाबाईने हाळी दिली, "काकू, नळ आलं बरं का!"

मंजुळाबाई पिशोरकडची. माहेर-सासर दोन्ही धनगरांचं, बालपण मेंढरांमागे गेलेलं. मुलगा हनुमान रिक्षा चालवतो, त्याने इथे घर बांधलं म्हणून ती आली. अख्ख्या गल्लीत तिच्याच घराला मोटार नव्हती. अंगणातल्या खड्ड्यात नळ होता, त्यात उतरून ती हंडे भरायची. "मेंढराला डबकं, आमाला खड्डा," असं स्वतःच म्हणायची आणि हसायची.

तिची हाळी संपायच्या आत गल्लीभर मोटारी सुरू झाल्या. आमचीही झाली. तिला कुणी हात लावावा लागत नसे. श्रीरंगने तिला ऑटोमॅटिक बसवलं होतं. नळाला पाणी आणि घरात लाईट असली की ती आपली आपण सुरू व्हायची.

पंखा मंद झाला. मशीनचा आवाज बदलला. मी पुढच्या खोलीत आले. हे वर दिव्याकडे बघत होते.

"दबली," हे म्हणाले.

मग अर्धी गल्ली बंद पडली. आमचाही पंखा थांबला. एक फेज गेला होता. यात नवीन काही नव्हतं. आमच्याकडे बहुतेक घरांत एक मूठ बसवलेली असते. एका फेजची लाईट गेली की ती फिरवायची, म्हणजे घर दुसऱ्या फेजवर चालू. श्रीरंगने जिन्याखाली जाऊन मूठ फिरवली. ज्यांची ज्यांची लाईट गेली होती, त्या सगळ्यांनी त्याच क्षणी तेच केलं. दर उन्हाळ्यात आम्ही हेच करतो. आधीच दमलेल्या फेजवर सगळी गल्ली चढली, आणि कोपऱ्यावर बंदुकीसारखा आवाज झाला.

त्यानंतर जी शांतता झाली ती मला अजून ऐकू येते.

मशीन मात्र चालू होतं. ते इन्व्हर्टरवर गेलं होतं. मी श्वास सोडला. तेवढ्यात इन्व्हर्टर कुईं कुईं करायला लागला.

"हे काय?" मी विचारलं.

श्रीरंगचा चेहरा उतरला. "काल संध्याकाळी लाईट नव्हती ना. फ्रिज त्याच्यावर, वरचा कॉम्प्युटर, टीव्ही... बॅटरी भरलीच नाही."

इन्व्हर्टर आणला होता यांच्या मशीनसाठी. पण घरात बॅटरी आहे म्हटल्यावर एकेक तार हळूच तिच्याकडे गेली होती. कुणी वाईट बुद्धीने केलं नव्हतं.

कुईं कुईं थांबलं आणि मशीनही थांबलं. कोपऱ्यात ऑक्सिजनचा लहान सिलिंडर होता, अडीअडचणीसाठी. श्रीरंगने तो उघडून नळी जोडली. काटा हलला, पण लाल पट्ट्यातच राहिला. दवाखान्यात जाताना वापरलेला सिलिंडर भरून आणायचा राहिला होता. श्रीरंगने भरून देणाऱ्याला फोन लावला. त्याचा माणूस वाळूजला गेला होता. डॉक्टरांना लावला. ते म्हणाले, "या उन्हात त्यांना हलवणंही धोक्याचं आहे. शांत बसवा. ओठ निळे दिसायला लागले तर मात्र एक क्षण थांबू नका, घेऊन या."

हनुमानने रिक्षा दाराशी आणून लावली. इंजिन चालूच ठेवलं. "काकू, हाक मारा, बस. पुढच्या मिनिटाला निघतो."

मी यांच्या ओठांकडे बघत बसले. सगळं आयुष्य ज्या चेहऱ्याकडे बघितलं, त्यात त्या दिवशी मला फक्त ओठांचा रंग दिसत होता.

"एवढं बघू नको," हे म्हणाले. "लाजल्यासारखं होतं."

वायरमन बद्रीनाथ मोटरसायकलवर आला. मृण्मयी कोपऱ्यावर त्याच्यापाशी जाऊन उभी राहिली होती, मी फाटकात. तो डीपी उघडून बघून खाली उतरला आणि जमलेल्या माणसांना म्हणाला, "लाईन टाकतो. पण एक सांगतो, ही माझ्याकडची फ्यूजची शेवटची तार. सकाळपासून अशाच फिरतोय, इकडं उडाली, तिकडं उडाली. आता मोटारी अन् एसी चालू ठेवून टाकली तर परत उडंल. मग मला ऑफिसात जाऊन आणावी लागंल, अन् तिथं असंलच असं नाय."

"मग?" कुणीतरी विचारलं.

"मग काय? आधी सगळ्यांनी बंद करा, मग टाकतो."

नळाला पाणी होतं. तासाभराचं पाणी, त्यातलं अर्धं गेलेलं. मोटारी बंद म्हणजे टाक्या रिकाम्या, आणि पुढचा आठवडा कोरडा. मोटारी चालू म्हणजे तार उडणार, आणि आमच्या घरात मशीन बंद. हे सगळ्यांना कळलं. सगळे आमच्या घराकडे बघायला लागले आणि मग बघायचं टाळायला लागले. मला कुणाला काही म्हणवेना. दुसऱ्याचं पाणी मागायचं कोणत्या तोंडाने?

मंजुळाबाईने पदर खोचला. "माझ्या तोंडाकडं काय बघता? ऐकलं न्हवं? बंद करा."

कोपऱ्यावरच्या बंगल्यातला ऋतुराज पुढे आला. तरुण मुलगा, खालच्या मजल्यावर शिकवण्यांचा क्लास चालवायचा, क्लासला दोन एसी. "मावशी, काकांचं मला कळतं. पण मोटार बंद केली तर माझ्या टाकीत थेंब नाही. आठवडाभर क्लासची पोरं येणार. मी काय करू?"

"खड्ड्यातल्या नळाला पाणी येतंय का नाय? हंडे लाव. भर."

"आमच्याकडे हंडे नाहीत."

"हंडे नाय? बया, मग लगीन कसं लावलं तुझं?"

लोक हसले. ऋतुराज हसला नाही. "आणि मी बंद केली न् दुसऱ्याने चालू ठेवली तर? माझंच पाणी जाणार. दर वेळी हेच होतं. सगळे हो म्हणतात आणि एक जण हळूच चालू करतो."

त्याचंही चुकत नव्हतं. आमच्या गल्लीत असंच होतं.

"मी बघते," मृण्मयी म्हणाली. ती अजून कोपऱ्यावरच उभी होती, कानातलं यंत्र गळ्यात लोंबत होतं. "मी प्रत्येक घरात जाऊन स्वतः मेन बघते. मंजुळाबाई, तुम्ही त्या बाजूने घ्या. ऋतुराज, तुमच्यापासून सुरुवात करते. चालेल?"

ऋतुराजने तिच्याकडे बघितलं. मग बाजूला सरकून तिला आत जायला वाट दिली.

दोघी दारोदार गेल्या. मृण्मयीची चप्पल कुठे तरी राहिली होती. तापलेल्या सिमेंटवरून ती अनवाणी, टाचांवर चालत होती. मी आत-बाहेर करत होते. सिलिंडरचा काटा शून्यावर टेकला. यांचा श्वास आता मोठ्याने ऐकू यायला लागला, लोहाराच्या भात्यासारखा. ओठांच्या कडा जांभळट झाल्या होत्या की मला तसं वाटत होतं, ठरवता येईना.

"रिक्षात बसवते तुम्हाला," मी म्हणाले.

यांनी मान हलवली. मग थांबत थांबत म्हणाले, "त्यांना पाणी... भरू दे की. माझ्यापायी... गल्ली कशाला..."

"गप्प बसा," मी म्हणाले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं म्हटलं नव्हतं.

बाहेर बद्रीनाथ ओरडला, "टाकू का?"

"टाका," गल्लीतून मृण्मयीचा आवाज आला.

पंखा फिरला. मी नळी परत मशीनला जोडून बटण दाबलं. शीळ झाली, धापा सुरू झाल्या, नळीतून वारा आला. मी ती यांच्या नाकात नीट बसवली. आणि त्याच वेळी कुठे तरी मोटार सुरू झाल्याचा आवाज आला.

जड, घोगरा आवाज. दिवा लवलवला, पंखा पुन्हा मंदावला.

"बंद करा!" कोपऱ्यावरून बद्रीनाथ. "कोण हाय ते? तार तापतीय!"

मी फाटकाशी धावले. सगळी गल्ली ऋतुराजच्या बंगल्याकडे बघत होती. मीही तिकडेच बघितलं. मंजुळाबाईने तर हात वर केला होता, "अरे पोरा, माणूस हाय का कोण?" ऋतुराज दारात उभा, दोन्ही हात पसरून सांगत होता, "माझी नाही! आत येऊन बघा, वहिनींनी स्वतः मेन पाडलाय!" त्याचा चेहरा लाल झाला होता. कुणी विश्वास ठेवत नव्हतं. श्रीरंग त्याच्या फाटकापर्यंत पोचला होता, आणि त्याच्या चालण्यात मला भांडण दिसत होतं.

आणि आवाज बंद झाला. डीपीवर बद्रीनाथने वर बघितलं आणि हाताने खूण केली. तार टिकली.

मी आत वळले. खुर्ची रिकामी होती.

मशीन चालू होतं. नळी दारापर्यंतच पुरायची. तिथे दाराच्या कडीला ती लटकवलेली होती, नीट, टॉवेल वाळत घालावा तशी, आणि तिच्यातून सूं सूं वारा येत होता. दारापुढे स्वयंपाकघर, मग बोळ, मग जिना. न्हाणीघरापर्यंत जायचं तर हे भिंतीला धरून दोनदा थांबायचे. मी पळत गेले.

हे जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते. डोकं भिंतीला टेकलेलं, तोंड उघडं, ओठ जांभळाच्या रंगाचे. एक हात वर, बोर्डावर. बोर्डावरची सगळी बटणं बंद होती. मोटारीचंही. गल्लीभर सांगत फिरलेल्या आमच्या घरात आमची मोटार बंद करायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं, कारण ती चालू करायलाही कुणी कधी जात नसे. आवाज आमच्याच हौदाजवळून येत होता. मी शेजाऱ्याकडे बघत होते, आणि यांनी खुर्चीत बसल्या बसल्या तो पायाखालच्या फरशीतून ओळखला होता.

"श्रीरंग!" मी ओरडले.

दोघांनी यांना उचलून आणलं, श्रीरंगने आणि हनुमानने. नळी परत लावली. मी तळपाय चोळत बसले. मशीन धापा टाकत राहिलं. गल्लीत एकही मोटार नव्हती, म्हणून तो आवाज दूरपर्यंत जात असावा. लोक फाटकाशी येऊन उभे राहिले होते. बऱ्याच वेळाने ओठांचा रंग परत यायला लागला. आधी मधे, मग कडांना.

यांनी डोळे उघडले. मला वाटलं, पाणी मागतील.

"वरचा एसी," हे म्हणाले, "चालूच होता."

मृण्मयी दारात उभी होती. ती खाली बसली आणि रडायला लागली. यांनी बोटाने तिला जवळ बोलावलं. "तू कामात होतीस," एवढंच म्हणाले.

फाटकाशी ऋतुराजने विचारलं, "काकू, मोटार कुणाची होती?"

मी उत्तर द्यायच्या आत श्रीरंग बाहेर गेला. "आमची होती," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ऑटोमॅटिक आहे, लक्षातच आलं नाही. तुझ्यावर आळ घेतला, माझं चुकलं."

ऋतुराज फाटकातून आत आला. मग म्हणाला, "बादल्या आहेत का तुमच्याकडे? माझ्याकडे खरंच काही नाही."

राहिलेलं पाणी गल्लीने हाताने भरलं. ज्यांच्या नळांचे खड्डे होते, ते उघडले. कुठे झाकणावर कुंड्या ठेवल्या होत्या, कुठे फरशी बसवली होती, ती पहारीने उचकटली. मोटारींची ओढ नसल्यामुळे शेवटच्या घरालाही धार आली. बऱ्याच वर्षांत आली नव्हती. मंजुळाबाई खड्ड्यात उतरून श्रीरंगला हंडा कसा तिरपा धरायचा ते दाखवत होती. "असा न्हाय रे, नवरीवानी काय धरतो." श्रीरंगने आमच्याआधी ऋतुराजला दिलेल्या बादल्या भरल्या. टाक्या कुणाच्याच भरल्या नाहीत, पण प्यायचं पाणी सगळ्यांना झालं. धुणी राहिली.

आता या सगळ्याला बराच काळ झाला.

त्या वर्षीच्या मार्गशीर्षात हे गेले. सकाळी, खुर्चीत, चहा पिऊन झाल्यावर. लाईट होती, मशीन चालू होतं. ते नंतरही चालूच राहिलं. कुणाचा हात बटणाकडे जाईना. शेवटी मृण्मयीने ते बंद केलं.

मशीन पाचोडच्या एका गृहस्थांना दिलं. त्यांच्या घरच्यांना मी एकच सांगितलं, बॅटरीला दुसरं काही जोडू नका. हो म्हणाले. जोडलं असेल.

बद्रीनाथची बदली कन्नडला झाली. आमच्या कोपऱ्यावर मोठी डीपी बसली. काही महिने लोक मोटारी पाळीपाळीने लावायचे. एका बाजूची घरं आधी, दुसऱ्या बाजूची नंतर. मग दोन घरांत नवे भाडेकरू आले, त्यांना हे कुणी सांगितलं नाही. आता नळाचा दिवस पूर्वीसारखाच असतो. ऋतुराजने गच्चीवर सोलर बसवलं. शेवटच्या घराला पुन्हा धार येत नाही.

मंजुळाबाईचे गुडघे गेले, खड्ड्यात उतरणं होईना. हनुमानने मोटार बसवली तशी ती पिशोरला भावाकडे निघून गेली. म्हणाली, "इथं आता मला काम काय?" अधूनमधून फोन करते आणि आधी तेच विचारते, "काकू, नळ आलं का?"

श्रीरंगने ऑटोमॅटिक काढून टाकलं. मोटारीसाठी आता जिन्याखाली जावं लागतं. तो जाताना वाटेतली दोन-तीन बटणंही बंद करतो. त्याच्या ते लक्षात आलेलं नाही, आणि मी सांगितलेलं नाही. मृण्मयी उन्हाळ्यात दुपारी खाली यांच्या खोलीत टेबल लावून बसते. ही खोली उत्तरेची, भिंती कमी तापतात. पंखा पुरतो म्हणते. अगदीच असह्य झालं तर एसी लावते, आणि माझ्याकडे बघते. मी म्हणते, लाव गं.

झोपायच्या आधीची गस्त आता माझ्याकडे आहे. स्वयंपाकघर, बोळ, जिना, मग टीव्ही. सगळं बंद करत पुढच्या खोलीत येते. खुर्चीमागच्या भिंतीवर मशीनचा बोर्ड आहे, त्यावर बटणाशेजारी एक लाल दिवा, मोहरीएवढा. प्लगला आता काही जोडलेलं नाही. ते एक बटण मी चालूच ठेवते.

पलंगावरून तो ठिपका दिसतो. कुणासाठी जळतोय म्हणून हे कुरकुरले असते.